देवीने उसनी दिलेली काच

लोणावळ्यात चिक्कीवर बरीच घरे चालली. माझे घर माकडांनी चालवले, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

मी गाड्यांचे टप शिवायचो. पत्र्याचे नव्हे, कापडाचे. मुंबईचे शौकीन लोक उघड्या टपाच्या गाड्या घेऊन शनिवारी खंडाळ्याला यायचे, रात्री टप चढवून बंगल्याबाहेर गाडी उभी करायचे आणि रविवारी सकाळी माकडे त्यावर उड्या मारायची. ताणून बसवलेले कापड म्हणजे माकडांना अंगणात टाकलेली खाटच. दुपारपर्यंत शेठ फाटका टप घेऊन माझ्या दुकानात हजर. एकाने तर तोंडावर विचारले, "मिस्त्री, माकडांना शेंगदाणे तुम्हीच घालता ना?" मी म्हणालो, "शेठ, शेंगदाणे महागले, हल्ली फुटाणे घालतो." त्यांना हसू आले नाही. टप शिवून घेतला, पण पुढच्या खेपेला ते पत्र्याच्या टपाची गाडी घेऊन आले.

बाहेरच्या माणसाला वाटते, उघडी गाडी म्हणजे टप कापून टाकलेली साधी गाडी. तसे नाही. साध्या गाडीत दाराच्या काचेला वरून पत्र्याची चौकट असते. काच थोडी डुगडुगली तरी चौकट सांभाळून घेते. उघड्या गाडीत चौकटच नाही. काच दारातून एकटी वर येते आणि टपाच्या कडेला बसवलेल्या रबराला जाऊन टेकते. ती बोटभर कमी पडली की पावसाळ्यात बसणाऱ्याच्या मांडीवर तळे साचते. म्हणून टपवाल्याला नुसते शिवणकाम येऊन भागत नाही. काच, काच वरखाली करायची कडी, रबरे, आणि दाराच्या वरच्या कडेने धावणारी ती चकचकीत निकलची पट्टी, सगळे त्याच्याच गळ्यात येते. त्यात परदेशी सुटे भाग येणे बंद झालेले. गाडीवाला मुंबईच्या जुन्या बाजारात जायचा, चार दिवस घासाघीस करून मोठ्या दिमाखात पट्टी आणायचा, आणि ती दुसऱ्याच गाडीची निघायची.

पट्टी निदान वाकवता तरी येते. काच मोठी आडमुठी. ती तापवून पक्की केलेली असते. साध्या काचेसारखा हिरा लावून कापायला गेलात तर साबुदाणा सांडावा तशी दाणे दाणे होऊन पडते. हे मी ऐकून होतो, पण खरे वाटत नव्हते. म्हणून एकदा दुसऱ्या गाडीची काच मांडीवर घेऊन हिरा फिरवला. त्यानंतर आठवडाभर माझ्या धोतराच्या निऱ्यांतून काचेचे साबुदाणे गळत होते आणि बायको मला घरात चटईवर बसू देत नव्हती.

अशा काळात वलवणचा गणपतभाऊ माझ्याकडे आला. हा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर साहेबाचा ड्रायव्हर होता. साहेबाची मोठी, पिवळसर रंगाची, उघड्या टपाची अमेरिकन गाडी होती. एकदा बांबू भरलेली बैलगाडी तिच्या डाव्या अंगाला घासून गेली. दाराची काच फुटली, पट्टी उचकटून तुटली, आतली कडी कुठे उडाली ती सापडलीच नाही. साहेब तेव्हा देश सोडून निघालाच होता. त्याचे मन उडाले आणि त्याने गाडी गणपतला देऊन टाकली.

गणपतभाऊने ती घरी नेली आणि गोठ्यात घातली. गोठा एकच, म्हणून म्हैस बाहेर उंबराखाली गेली. काही वर्षांनी मी गाडी बघायला गेलो तेव्हा त्याची बायको, सखूवहिनी, दारातच उभी होती.

"मिस्तरी, तुमीच सांगा. म्हस आभाळाखाली आन् लोखांड छपराखाली. ही कुटली रीत?"

"लोखांड न्हाई, गाडी हाय ती," गणपतभाऊ म्हणाला.

"मग भायेर काडा की."

तिथेच तर घोडे अडले होते. इंजिन ठणठणीत होते. गणपतभाऊ दर आठवड्याला ते सुरू करायचा आणि म्हैस दावे तोडायची. पण टप कुजलेला, डावीकडे काच नाही. वलवणच्या पावसात ती गाडी आठ दिवस बाहेर राहिली असती तर तिच्यात भात लावता आला असता.

गणपतभाऊच्या डोक्यात मात्र बेत पक्का होता. गाडी दुरुस्त करायची, रीतसर पास करून घ्यायची आणि हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांना उघड्या गाडीतून लोणावळा-खंडाळा दाखवायचा. साहेब गेल्यापासून तो रस्त्याच्या कामावर खडी टाकत होता. मला म्हणाला, "मिस्तरी, पंधरा-ईस वरसं मला समदे डायवर म्हनायचे. आता कुनीबी गणप्या म्हनतं. ही गाडी गेली की मी परत डायवर व्हत न्हाई." हे तो हसत म्हणाला खरा, पण मला ते लागले. मी पैशाचे नंतर बघू म्हटले आणि टपाचे माप घेतले.

सखूवहिनीने तेवढ्यात आपली अट सांगितली. "चंद्री गाभन हाय. ती व्याली की रेडकाला गोठा पायजे. तवर गाडी नीट झाली तर ठीक. न्हाईतर बाबूभाईला बोलावते. मी बोलले ते बोलले."

बाबूभाई आमचा लोणावळ्याचा भंगारवाला. माणूस चांगला, पण त्याची हातगाडी दारात दिसली की लोक आपली भांडी आत नेत. टप मी शिवून टाकला, त्यात अवघड काही नव्हते. डाव्या बाजूची काच, पट्टी आणि कडी काही केल्या मिळेना. मुंबईच्या दोन खेपा फुकट गेल्या. शेवटी मी बाबूभाईलाच विचारले.

तो हसायलाच लागला. "मिस्त्री, मुंबईला कशाला जाता? इस गाडी की सगी बहन कुरवंड्यात आहे!"

स्वातंत्र्याच्या आधी कधीतरी एक साहेब कुरवंडे गावाजवळ, नागफणीच्या कड्याकडे सहलीला आला होता. गाडी उतारावर लावली, खाली चादर पसरून खायला बसला, आणि त्याचे खाणे चालू असताना गाडी आपली आपण निघाली. आत कोणी नव्हते. दोन बांध ओलांडून ती उजव्या अंगाने एका हिरड्याच्या झाडाला जाऊन आदळली आणि तिथेच राहिली. साहेब चालत परत गेला, तो पुन्हा आलाच नाही. "लोखंड मी उचललं," बाबूभाई म्हणाला. "चमकणारा माल गावानं घरोघर लावला. जाऊन दारं बघा."

गणपतभाऊ आणि मी कुरवंड्याला गेलो. गणपतभाऊने ड्रायव्हरची जुनी टोपी घातली होती, सरकारी काम वाटावे म्हणून. त्याचा परिणाम उलटाच झाला. आम्हाला वसुलीवाले समजून दोन घरांनी दारे लावून घेतली.

तिसरे दार उघडे होते. चौकटीच्या माथ्यावर, तोरणाच्या जागी, आमची पट्टी ठोकलेली! पुढचा बाक तोच, टोकाचा गोलावा तोच. घर सोनाबाई नावाच्या म्हातारीचे होते. आम्ही तिला मावशी म्हणून हाक मारली आणि आमचे काम सांगितले.

"दर दिवाळीला चिच लावून घासते मी तिला," ती म्हणाली. "साऱ्या गावात असं दार न्हाई."

खोटे नव्हते. पट्टी अशी लखलखत होती की मी तिच्यात तोंड पाहून मिशी नीट केली. मी मोबदला विचारला तर मावशीने हात झटकला. "पैसं नगं. गाडी झाली की मला एकडाव बसवून घाटात न्या. आन् हे बगा, देत न्हाई मी, वापराया देते. गाडी मोडीत निगाली तर माजी पट्टी माज्या दारावर."

कडी शेजारच्या मारुतीकडे निघाली. काच वरखाली करायची ती कडी त्याने कोंबड्यांच्या खुराड्याला बसवली होती. फिरवली की फळी अडायची. "मुंगूस येतंय, पन त्याला ही फिरवता येत न्हाई," तो अभिमानाने म्हणाला. मी त्याला दुसरी भक्कम कडी बसवून दिली. त्यानेही तीच अट घातली. एकदा फिरवायचे, आणि गाडी मोडली तर कडी परत.

राहिली काच. तिचे नाव काढताच सगळे एकमेकांकडे बघू लागले. काच देवळात होती.

कुरवंडे कड्यावरचे गाव. तिथला वारा माणसाच्या डोक्यावर टोपी राहू देत नाही, तिथे समईची काय कथा. गावदेवीच्या गाभाऱ्याला पश्चिमेकडे झरोका होता आणि दिवा टिकत नव्हता. म्हणून गावकऱ्यांनी ती काच आणून झरोक्यात मातीने लिंपून टाकली होती. तेव्हापासून दिवा शांत. पुजाऱ्याला सगळे आबा म्हणत. आबांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काच देवीची झाली. मी कोन देनार? कौल लावू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आबांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात विचारले, "आई, ह्या लोकान्ला काच पायजे. देऊ का?"

आम्ही बसलो. पाकळ्याही बसल्या. सोनाबाई मावशीने चहा आणला, कप परत नेले. मारुती म्हशींना पाणी दाखवून आला. पाकळ्या जागच्या हलेनात. मी आबांना विचारले, नेहमी एवढा वेळ लागतो का?

"पूर्वी देवी झटक्यात बोलायची," आबा म्हणाले. "हल्ली दीस जातो. मागं एका सोयरिकीचा कौल लावला हुता, तवर पोरीचं दुसरीकडं जमलं बी."

"हल्ली म्हणजे कधीपासून, आबा?"

आबांनी माझ्याकडे पाहिले, मग झरोक्याकडे पाहिले. वारा आत आला नाही तर पाकळी सुकणार कशी आणि पडणार कशी? माझ्या मनात काय आहे ते त्यांनी ओळखले. म्हातारा कच्चा नव्हता. गालात हसून म्हणाला, "मिस्तरी, तुमी कुटं निगालाय ते मला समाजतंय." पण मग थोडा विचार करून गावकऱ्यांकडे वळला. "तसं त्यांचं खोटं न्हाई. निवाडा काचेचा, आन् काचच पंचात बसलीया. आसं कुटं असतंय का? काडा तिला भायेर."

गावाला हे शंभर टक्के पटले. मी जीव मुठीत धरून माती खरवडली, काच अलगद सोडवली आणि बाहेर नेऊन घोंगडीवर ठेवली. आबांनी नव्या पाकळ्या लावल्या. झरोक्यातून असा वारा घुसला की समई पहिल्या झटक्यात गेली. डावी पाकळी थरथरू लागली. गणपतभाऊने डोळे मिटून घेतले. मी देवाधर्माचा फारसा माणूस नाही, पण त्या वेळी मी त्या पाकळीला मनातल्या मनात हात जोडून विनवीत होतो.

उजवी पडली.

वाऱ्याने पडली की देवीने पाडली, हे मी तेव्हा ठरवले नाही आणि आताही ठरवत नाही. गावाला आनंद झाला तो देवी पुन्हा चटकन बोलू लागली याचा. आबांनी दोनच गोष्टी सांगितल्या. दिव्याची सोय करून द्यायची, आणि काच उसनी. गाडी मोडली तर देवीची वस्तू देवीला. दुसऱ्या दिवशी मी पत्र्याचे, चारी बाजूंना साध्या काचा लावलेले एक छोटे दिवाघर करून नेले. झरोका मोकळा राहिला आणि दिवाही राहिला. माझ्या साऱ्या कारागिरीत ते एकच काम देवळात गेले, त्याचा मला अजून अभिमान आहे.

काचेवरची काजळी आणि हळदकुंकू धुऊन मी ती दारात सोडली. कडी फिरवली तशी ती वर आली, आणि रबराला जाऊन टेकली. पट्टीही चपखल बसली. फक्त पंचाईत अशी की चिंचेने घासलेली डावी बाजू उजवीपेक्षा उजळ दिसू लागली. गणपतभाऊला मग उजव्या बाजूची पट्टी दोन दिवस चिंचेने घासावी लागली. त्या आनंदात त्याने कुरवंड्याला निरोपही धाडला, की परवा सकाळी फेरीला या.

टप शिवला की पाण्याची परीक्षा घ्यायची, हा आमचा शिरस्ता. एकाने आत बसायचे, दुसऱ्याने वरून पाणी ओतायचे. गणपतभाऊ आत बसला. ओतायचे काम सखूवहिनीने आपणहून घेतले. ज्या जोराने ती घागरी रिकाम्या करत होती त्यावरून तिच्या मनात एकटी गाडीच नव्हती, हे उघड दिसत होते. काच टिकली, टप टिकला. पण डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यात, जिथे टप, काच आणि समोरची काच एकत्र येतात, तिथून धार लागली. गणपतभाऊ बाहेर आला तो अर्धा कोरडा, अर्धा ओला. मी म्हटले, रबर नव्याने कोरून बसवतो, एक दिवस द्या.

म्हशीने तो दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा चंद्री उंबराखाली व्याली होती.

सखूवहिनी ओरडली असती तर बरे वाटले असते. तिने रेडकू पुसले, म्हशीला गुळाचे पाणी पाजले आणि शेजाऱ्याला बाबूभाईकडे पिटाळले. मी गयावया केली. ती म्हणाली, "मिस्तरी, किती उद्या झाल्या? हे लेकरू काय उद्या बगून आलंय का?" तिचेही खरे होते. गणपतभाऊ गाडीच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसला होता. त्याच्याकडे बघवेना. मी उगाचच रबर उलटेपालटे करत राहिलो.

बाबूभाई हातगाडी आणि दोन माणसे घेऊन आला. तोही मान खाली घालूनच. त्याने बॉनेटवर थाप मारली, टायर दाबून पाहिले, आणि एवढ्यात अंगणात कुरवंडे अवतरले. सोनाबाई मावशी नव्या लुगड्यात, मारुती बायकोला घेऊन, आणि आबा हातात नारळ घेऊन. फेरीला आलेली मंडळी.

काय चालले आहे ते समजायला त्यांना वेळ लागला नाही. मावशी सरळ गाडीपाशी गेली आणि दारावरच्या पट्टीवर हात ठेवला.

"ही माजी हाय. आदी काडून द्या."

"ती कडी माजी," मारुती म्हणाला. "कोंबड्यांची."

आबांनी काचेवर बोट टेकवले. "आन् ही देवीची. बाबूभाई, नेतोस का? ने बाबा. पन देवीला तूच सांग, भंगारात घातली म्हनून."

बाबूभाईने दोन्ही कानांना हात लावले. "नको रे बाबा! एका गाडीचे इतके मालक? एक मालक विकायला तयार झाला तरी पुरे होतं मला. आणि देवी? देवीशी व्यवहार मी करत नाही." त्याने हातगाडी फिरवली ती इतक्या चपळाईने, की मला वाटते, त्यालाही कोणीतरी थांबवावे असेच वाटत होते.

आता सगळे सखूवहिनीकडे बघू लागले. तिने रेडकाला म्हशीच्या कासेला लावले. मग नवऱ्याला म्हणाली, "मग म्हस?"

"आता भायेर काडतो गाडी," गणपतभाऊ म्हणाला. "कोपऱ्यातनं गळंना का."

"गळतंय तितं कोन बसनार?"

मारुतीने आबांकडे पाहिले, आबांनी नारळाकडे.

"मी बसते," ती म्हणाली. "मला काय पान्याचं नवं हाय?"

गणपतभाऊने इंजिन सुरू केले आणि गाडी गोठ्याबाहेर आणली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा उजेडात आली होती. त्याने ती अंगणात उभी केली, टोपी घातली, खाली उतरला, वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि दार उघडून ताठ उभा राहिला. मडमांसाठी तो उभा राहायचा तसाच. त्याने ठरवून केले नसावे, हाताला सवयच ती होती. पण सखूवहिनी जागची हलेना. या गाडीखालचा केर तिने वर्षानुवर्षे काढला होता, पण आत एकदाही बसली नव्हती. तिच्यासाठी कोणी कधी दार धरले असेल असेही मला वाटत नाही. गणपतभाऊचे डोळे भरून आले होते. माझेही आले, त्यात लपवायचे काय?

ती आत बसली, पदर सावरला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दार मला लावता येतंय. डायवर, तुमी गाडी चालवा."

मागे मंडळी बसली, आबांनी चाकाखाली नारळ फोडला. ज्या टपासाठी मी डोळे फोडले तो त्यांनी सगळ्यात आधी घडी करून खाली टाकला, कारण घाट बघायचा होता. मावशीने बाहेर हात काढून पट्टी धरून ठेवली. मला जागा उरली नाही. आयुष्यभर उघड्या गाड्यांचे काम केले, पण उघड्या गाडीतून घाट मी काही पाहिला नाही.

गाडी खंडाळ्याच्या रस्त्याला लागली. वळणावरून सखूवहिनीचा आवाज आला, "मिस्तरी, चंद्रीला तेवडी आत बांदा!"

मी दावे सोडले आणि म्हशीला, मागोमाग तिच्या रेडकाला, गोठ्यात नेऊन बांधले.